निवेपर्यंत

तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला दुपारचा वारा
चुलीतून निघाल्यासारखा येतो.
मी चाळणी हलवतो. वाळू खाली जाते,
वर राहतात खडे, माशांचे मणके,
आणि कधीतरी, सात-आठ आठवड्यांतून एकदा,
कोणीतरी.

परवा कवटीचा तुकडा आला, अर्ध्या तळहाताएवढा.
चेरोपबाईंनी तो ब्रशनं पुसला, उन्हाकडे धरला.
"लोकोरोडी, ही भोकं बघ."
सुईनं टोचल्यासारखी दोन. त्यांतून उजेड आला.
"इथून शिरा जात असाव्यात, आतली उष्णता घेऊन.
डोकं मोठं झालं, तसं ते निववणंही आलं.
असं काही जण म्हणतात. काहींना पटत नाही."
बाईंचं हे मला आवडतं,
वाक्याला एक दार नेहमी उघडं ठेवतात.

जेवताना त्या पोटावर आल्या.
दिवसभर कच्चं चावायचं, रात्रभर जिरवायचं,
कमावलेलं सगळं आतड्यांच्याच पोषणाला.
मग कुणी एक कंद निखाऱ्यात टाकला,
की पडला हातून, कोण जाणे.
निम्मं पचन बाहेरच उरकलं.
आतडी आखडली, वाचलेलं डोक्याकडे गेलं.

आरुपे मावशी मका-घेवडा ढवळत होती.
"म्हणजे चूल हे बाहेरचं पोट," ती म्हणाली,
"मग वीस वर्षं या अख्ख्या तळाचं पोट मी सांभाळते आहे.
पगार मात्र चाळणीवाल्यांहून कमी."
बाई हसल्या. हिशेबनीस हसला नाही.

म्हातारा एकुवाम सावलीत बसला होता.
शेळी कापली की तो तिची आतडी पसरून वाचतो:
इथे पाणी, इथे चोर, इथे एक कबर.
"कवटीत मागचं असतं," तो म्हणाला, "आतड्यात पुढचं.
आखडली म्हणता?
मग बऱ्याच ओळी गेल्या असतील."

त्याच रात्री मावशीच्या नामोएला ताप चढला.
कपाळाचा तवा झाला.
घरच्याच शेळ्यांना ती
भलत्याच नावांनी हाका मारू लागली.
दवाखाना लोडवारला, गाडी पहाटे.
एकुवामनं आपली लाकडी उशी दिली,
म्हातारपणात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला.
मान तिच्यावर, डोकं जमिनीपासून वीतभर वर.
"उशी डोक्यासाठी नसते," तो पुटपुटला,
"खालून जाणाऱ्या वाऱ्यासाठी असते."

फडकं ओलं केलं, पिळलं, ठेवलं, पुन्हा ओलं केलं.
ज्या पुठ्ठ्यांवर हाडांचे नंबर लिहितात
त्यातल्या एकानं बाई वारा घालत राहिल्या,
आणि कवटीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.
मला मात्र ती दोन भोकं दिसत होती.
त्या डोक्यालाही कधी ताप आला असेल.
कुणी जागलं असेल का पान हलवत?
हाडात ते उरत नाही.
चाळणीत वारा सापडत नाही.

तांबडं फुटायच्या आत नामोएला घाम फुटला.
आधी नाकाखाली, मग मानेवर, मग सगळीकडे,
अंगाला हजार बारीक दारं असावीत
आणि कुणी ती एकदम उघडावीत, तसा.
मावशीनं तो पुसला नाही. नुसती बघत राहिली.

"भूक," पोर म्हणाली. आपल्याच आवाजात.

राखेखालचा निखारा फुंकला. मक्याची पेज चढली.
शिजेपर्यंत तिनं दम धरला.
निवेपर्यंत धरवेना.
बोट बुडवलं, पोळलं, तोंडात घातलं,
मग वाटीवर वाकून फुंकू लागली, गाल फुगवून,
सगळा जीव त्या फुंकरीत.

लोडवारची गाडी आली, हॉर्न वाजवू लागली.
"थांब म्हणावं त्याला," मावशी म्हणाली,
"पेज निवते आहे."